पूर्ण दिवसांच्या बाळाला धाप का लागते?

प्रश्न (बाळाचे वडील):
काल सकाळी, ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर, आधी ठरवलेल्या सिझेरियनने आम्हाला मुलगा झाला. वजन ३ किलो, जन्मतःच रडला. मात्र तासाभरात श्वास मिनिटाला ८० पर्यंत गेला, नाकपुड्या फुलू लागल्या आणि तो कण्हू लागला. सध्या सीपॅप (नाकातून सतत दाबाने हवा देणारे यंत्र) व अँटिबायोटिक चालू आहे. दिवस भरलेले असूनही असे का व्हावे? फुफ्फुसे कायमची कमजोर राहतील का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
गर्भात बाळाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे हा द्रव शोषला जाऊ लागतो. कळांआधीच सिझेरियन झाल्यास ते काम अर्धवट राहते, आणि उरलेला द्रव ओसरेपर्यंत बाळ भराभर श्वास घेत राहते. बाळाला न तपासता मी निदान करणार नाही, पण आपल्या वर्णनावरून हीच शक्यता प्रथम मनात येते. असा त्रास बहुधा ७२ तासांत थांबतो आणि फुफ्फुसांना कायमची इजा होत नाही. जंतुसंसर्गाची सुरुवातही अशीच दिसत असल्यामुळे रक्ताच्या कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का, या तपासणीचा) अहवाल येईपर्यंत अँटिबायोटिक देतात. धाप कमी झाली नाही, तर हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. वैद्यकीय कारण नसताना, केवळ मुहूर्तासाठी, ३९ आठवड्यांपूर्वी सिझेरियन करण्याचा आग्रह कुणीही धरू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (एक आई):
माझ्या मुलीचे कारण निराळे होते. ४१ आठवडे उलटले होते. पाणमोट फुटली तेव्हा पाणी गर्द हिरवे होते. तिने पोटातच शी केली होती आणि ती श्वासनलिकेत गेली होती. फुफ्फुसातील रक्तदाब वाढल्याने तिला पाच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. पहिले दोन हिवाळे छातीत घरघर होई. आज ती सहा वर्षांची असून दम न लागता जिना चढते.

उत्तर (नवजात कक्षातील परिचारिका):
श्वास ६० च्या वर असताना दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून बाळाला अंगावर घेऊ देत नाहीत. तरी आईने दर तीन तासांनी चीक (सुरुवातीचे घट्ट दूध) हाताने काढून ठेवावा. सिरिंजमध्ये चारच थेंब जमले, तरी ते कक्षात आणून द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की आम्ही ते नळीने पोटात देतो.