मूकपटातली नायिका आणि बोलपटाचं साल : आईच्या एकपात्रीसाठी मदत हवी आहे

मंगळवारपेठेची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण नीट वाचून उत्तर द्या ही विनंती.

माझी आई ६३ वर्षांची. कोल्हापुरात हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काम केलं. केशवराव भोसले नाट्यगृहात तिचं कुजबुजणं माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, हे मी लहानपणी त्याच रांगेत बसून ऐकलंय. तीन वर्षांपूर्वी थायरॉईडचं ऑपरेशन झालं, आवाज बसला तो बसलाच. स्पीच थेरपीने थोडा आला, पण घोगरा आहे आणि दहा मिनिटांत फाटतो. फोनवर लोक तिला "काका" म्हणतात आणि ती काही न बोलता फोन माझ्याकडे देते. ज्या संस्थेसाठी तिने नोकरी सांभाळून रात्र रात्र तालमी केल्या, तिथून पुढे बोलावणंच आलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खासबागेच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. परतताना रिक्षात म्हणाली, "मला परत उभं राहायचंय. लिही काहीतरी."

मी अर्ध्या तासाची एकपात्री लिहिलीय. साल १९३३. कोल्हापुरातली मूकपटांची एक नायिका (काल्पनिक). तिची कंपनी बंद पडलीय, 'प्रभात' फिल्म कंपनीवाले गाशा गुंडाळून पुण्याला निघालेत, आणि ती एका बोलपट कंपनीत आवाजाची चाचणी द्यायला तयार होतेय. आईचा खराच घोगरा आवाज त्या बाईचा आवाज म्हणून वापरायचाय.

पण तालमीत गाडी अडते. आई दुःखच दाखवत बसते. मला ती बाई केविलवाणी नकोय. बोलपट आल्यावर मूकपटातल्या लोकांचं नक्की काय बिघडलं? नुसता आवाज? आणि कुणी परत उभं राहिलं का?

जुनी रिळं

ताई, सुलोचनाबाईंपासून सुरुवात करा. खरं नाव रुबी मायर्स, मूकपटांतली सगळ्यात महागडी नायिका. बोलपट आला आणि हिंदुस्थानी बोलता येईना. बाई रडत बसल्या नाहीत, वर्षभर कामातून बाजूला झाल्या, भाषा शिकल्या आणि १९३२ मध्ये 'माधुरी'तून परत आल्या. मग स्वतःचेच गाजलेले मूकपट बोलके करून पुन्हा केले, १९३५ची 'अनारकली' त्यातलीच. पुढे १९५३ च्या 'अनारकली'त त्या सलीमची आई झाल्या. ज्या गोष्टीत आपण नायिका होतो, त्याच गोष्टीत आई म्हणून उभं राहायचं! १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

दुसरे मास्टर विठ्ठल. हे तर तुमच्याकडचे म्हणायचे, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले, मग मुंबईला जाऊन तलवारबाजीच्या मूकपटांचे राजे झाले. पहिल्या बोलपटाचे, १९३१ च्या 'आलम आरा'चे नायक तेच. पण उर्दू संवाद जमेनात, म्हणून त्यांना बराच वेळ गुंगीतच दाखवलं. पुढे मराठी ऐतिहासिक चित्रपटांत त्यांना जागा मिळाली, नंतर छोट्या भूमिका करत राहिले. भूमिका लहान झाल्या तरी माणूस सेटवर येत राहिला, मला याचं फार मोल वाटतं.

आणि नुसत्या आवाजाचा प्रश्न नव्हता. गाता यायला हवं होतं, 'आलम आरा'तच सात गाणी होती. कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' झाला (१९३२) तेव्हा हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे, संगीत रंगभूमीचा माणूस. तारामती दुर्गाबाई खोटे, सुशिक्षित घरातल्या. तुमच्या नायिकेची जागा या दोन्हीकडून गेली.

आवाजवाला

मी साउंड रेकॉर्डिंग करतो, तेव्हा माझ्या अंगाने सांगतो.

मूकपटाचं शूटिंग हा गोंगाटाचा कारभार होता. कॅमेरामन हाताने हँडल फिरवतोय, त्याची खरखर चालू आहे, आणि शॉट चालू असताना दिग्दर्शक मोठ्याने सांगतोय, "दार वाजलं... वळ... पत्र बघ... आता कळलं तुला... हात खाली." नट त्या आवाजाच्या दोरीला धरून काम करायचा. बोलपट आला आणि पहिलं काय झालं, तर सगळ्यांना गप्प बसवलं. माईक आजूबाजूचं सगळंच उचलायचा. 'आलम आरा'चा स्टुडिओ रेल्वे रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा शूटिंग करायचे. आता त्या बाईचा विचार करा. दहा वर्षं जो आवाज तिला हाताला धरून नेत होता, तो एका दिवसात बंद. माईक कुठंतरी लपवलेला, त्याच्यापासून तोंड वळवायचं नाही, लांब जायचं नाही, आणि समोर बसलेली सगळी माणसं श्वास रोखून हिच्याकडे बघतायत.

माझ्या मते तिचं बिघडलं ते इथं. तुमची आई दुःख दाखवते कारण तुम्ही तिला दुःख लिहून दिलंय. तिला काम द्या. कान लावून ऐकण्याचं काम.

एक व्यवहाराचं. कॉलर माईक वापरा, पण कॉलरला न लावता गालाजवळ. घोगऱ्या आवाजाला जोर लावू देऊ नका. वाक्यं सहा-सात शब्दांची ठेवा.

शिवाजी पेठ

ताई, आमचं आजोबा महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुतारकामाला होतं. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच बनवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ हाय, तुमास्नी ठावं असंलच. आईस्नी एकदा तिथं न्या, सकाळी गर्दी नसताना.

आजोबा सांगायचं, उन्हात शूटिंग चालायचं, वर पांढरं कापड ताणून ऊन गाळून घ्यायचं. ढग आला की सगळी थांबायची, बायका तोंडाचा रंग न पुसता तशाच सावलीला बसायच्या. पुढं रिकाम्या झालेल्या बायांचं काय झालं इचारलं की म्हातारा एवढंच म्हणायचा, "आरसा सोडला न्हाई त्यांनी." हे वाईट अर्थानं न्हाई हां. सराव सोडला न्हाई म्हणायचं हुतं त्याला.

मंगळवारपेठेची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाजवाले दादा, तुमचं वाचून काल रात्रीच करून बघितलं.

माडीवर तालीम घेतली. मी विंगेत, म्हणजे कपाटामागे, उभी राहिले आणि मूकपटाच्या दिग्दर्शकासारखं मोठ्याने सांगत गेले. "दार वाजलं. पोस्टमन. पाकीट जाड आहे." आईने पाकीट घेतलं, तळहातावर तोललं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि फोडायच्या आधी पाकिटाची कड नखाने दोनदा सारखी केली. हे मी सांगितलं नव्हतं. "वाच. नकार आहे." तिचा चेहरा हललाही नाही, फक्त अंगठा त्या ओळीवर थांबला.

मग चाचणीचा प्रवेश. तिथं मी गप्प बसले. काहीच सांगितलं नाही. आई माझ्या आवाजाची वाट बघत राहिली, मान किंचित कपाटाकडे कललेली, पाच सेकंद, दहा सेकंद. मला रडू आवरेना, पण तोंड दाबून उभी राहिले. मग तिचं तिनेच तोंड उघडलं आणि त्या फाटक्या आवाजात, अजिबात जोर न लावता, पहिलं वाक्य म्हटलं : "माझं नाव विचारा, सांगते."

हे वाक्य संहितेत नव्हतं. आता आहे. गोष्टीत अजून एक बदल करतेय, चाचणीत ती पास की नापास ते दाखवणार नाही.

शिवाजी पेठवाले काका, रविवारी सकाळी सातला आईला घेऊन खरी कॉर्नरला येतेय. जमलं तर तुम्हीही या, आजोबांचं अजून ऐकायचंय तिला.