हौद्यात काय होतं? जुन्या फोर बाय फोर पिकअपच्या आठवणी

आमच्या दारात १९८६ पासून २००९ पर्यंत एकच गाडी उभी असायची. लांब चासीची महिंद्रा डिझेल जीप, मागची बॉडी कापून सागवानी फळ्यांचा हौदा बसवलेली. आण्णांनी ती सरकारी लिलावात घेतली तेव्हाच ती आठ वर्षांची होती. तिला विकूनही आता बरीच वर्षं झाली, पण वाडीत कुणाची जुनी डिझेल गाडी वर चढताना ऐकू आली की आई अजून चहाच्या आधणात एक कप पाणी वाढवते.

या गाड्या आता झपाट्याने संपत चालल्यात. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासून आपल्या डोंगराळ तालुक्यांत शेती, दूध, धान्य, बाजार यांची ने-आण या गाड्यांनी केली. त्यांच्यावर जे लिहिलं जातं ते बहुतेक मॉडेल आणि इंजिनांबद्दल असतं. त्यांनी काय वाहिलं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी चालवल्यात त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असायचे. एकाने पुढच्या चाकांना ताकद जायची, दुसरा हाय-लोचा, लो म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त. आधी पुढची चाकं लावायची, मगच लो पडायचा. डांबरी रस्त्यावर हे लावून वळायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक सोसणारं मधे काही नसतं. सगळा ताण क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यांवर, आणि गिअरवर येतो, आणि मग दांडा असा अडकतो की थोडं रिव्हर्स घेतल्याशिवाय सुटत नाही. त्यामुळे तो दांडा ओढायचे दिवस मोजकेच, आणि म्हणूनच ते लक्षात राहतात.

तुम्हीही असा एक दिवस लिहा. गाडी कुठली, रस्ता कुठला, आणि हौद्यात काय होतं. मालक, मालकीण, क्लीनर, मालकाची पोरं, सगळ्यांनी लिहा.

माझा दिवस १९९४ च्या जुलैमधला. पाटण तालुका, कोयनेच्या वरच्या अंगाला. हौद्यात होते पिठाच्या गिरणीचे दोन दगड, मोटर आणि पट्टा. तोवर वाडीतल्या बायका डोक्यावर दळण घेऊन खालच्या गावाला जायच्या, पावसात प्लास्टिकचा कागद गुंडाळून. त्या दिवशी मुरूम वाहून गेलेला, तांबडा चिखल, आणि शेवटच्या चढाला गाडी बाजूला सरकायला लागली. मी एकोणीस वर्षांचा. आण्णांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून माझ्या हातावर हात ठेवून दांडा ओढला. दांड्यावरची गोळी झिजून गुळगुळीत झाली होती, वरचे आकडे कधीच गेलेले. म्हणाले, "पहिला टाक, क्लच सोड आणि पाय काढून घे. अ‍ॅक्सिलेटरला हात लावायचा नाही. तिचं ती चढेल."

चढली. माणूस चालेल त्याहून हळू. मागे दगड एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता आणि आण्णांचा हात शेवटपर्यंत माझ्या हातावर होता. सोमवारी गिरणी सुरू झाली.

आणखी एक सांगतो. या जीपला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं इंजिन होतं, म्हणजे ट्रॅक्टरचंच. त्यामुळे बुश, नोझल, गॅस्केट असलं काहीही लागलं की आण्णा कराडला ट्रॅक्टरच्या दुकानात जायचे. जे शेताला तेच गाडीला. त्यांच्या पिढीला गाडीची भीती वाटली नाही, त्याचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं.

दापोलीहून

आमची महिंद्रा एफसी १६०. तिला नाक नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे झाकणाखाली. मे महिन्यात डावा पाय अक्षरशः भाजायचा, बाबा झाकणावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचे. पण समोरचं सगळं पायाखाली दिसायचं, त्यामुळे जांभ्याच्या गडग्यांमधून वाट काढायला तिच्यासारखी गाडी नाही.

हौद्यात शेवटच्या तोडीच्या आंब्याच्या पेट्या, खाली पेंढा. मृगाचा पाऊस चार दिवस आधीच आला आणि कलमांच्या बागेतून बाहेर पडायचा पऱ्या भरून वाहायला लागला. पेट्या आज नाही निघाल्या तर आंबा डागणार हे नक्की. बाबांनी आधी चालत पलीकडे जाऊन मोठे धोंडे बाजूला केले, मग लो लावून गाडी पाण्यात घातली. मी हौद्यात पेट्यांवर पालथी पडून ताडपत्री धरून होते. पाण्याचा, डिझेलचा आणि पिकल्या आंब्याचा एकत्र वास मला आजही जसाच्या तसा आठवतो. एकही पेटी भिजली नाही.

धारणीहून (मेळघाट)

गाडी यांच्या नावावर होती, पण नदीवरचा निर्णय माझा असायचा. पेट्रोलची जीप, मागे लोखंडी हौदा. पावसाळ्याच्या तोंडावर एका आश्रमशाळेचं धान्य पोचवायचं काम आमच्याकडे यायचं: ज्वारी, तांदूळ, तुरीची डाळ, तेलाचे डबे. सिपना एकदा चढली की पलीकडची पोरं अडकायची, म्हणून खेपा घाईच्या.

पाणी आलेलं असलं की मी साडी खोचून काठी घेऊन पुढे जायची. गुडघ्याच्या खाली असलं तर हात वर करायचा. वर असलं तर परत फिरून काठावर बसायचं, मग दोन तास लागोत की रात्र. हात वर केला की हे बोनट उघडून फॅनचा पट्टा काढायचे, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो आणि करंट बंद. डिस्ट्रिब्युटरवर रबरी ट्यूबचा तुकडा घट्ट बांधायचा. पलीकडे गेल्यावर पहिलं काम पट्टा परत चढवणं.

एकदा एक अधिकारी घाई करत होते, पाणी मांडीला लागत होतं. यांनी त्यांना सांगितलं, "तिला विचारा." मी नाही म्हटलं. आम्ही रात्रभर काठावर राहिलो आणि पोत्यांवर ताडपत्री धरून बसलो. सकाळी पाणी उतरलं. धान्य कोरडं पोचलं, माणसंही.

सिन्नरहून

फेब्रुवारीत द्राक्षांचे क्रेट घेऊन शेतातून निघालो. आदल्या रात्री अवकाळी झालेला, काळी माती. दांडा ओढला तरी पुढची चाकं फिरेनात. फ्रीव्हील हब, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडणारी कुलपं, हाताने लॉक करायचे राहिले होते. उतरेपर्यंत मागचं टोक नाल्यात गेलं आणि अर्धे क्रेट चिखलात. त्या वर्षाचं ते नुकसान अजून सलतं. ज्यांच्याकडे हबवाल्या गाड्या आहेत त्यांनी पाऊस दिसला की हब आधी फिरवून ठेवा, चिखलात शिरल्यावर नाही.

मस्कतहून, आता पुण्यात

१९९८ ते २००६ ओमानला होतो. तिथे मी आणि माझ्या रूममेटने मिळून एक जुनी टोयोटा लँड क्रूझर एफजे ४५ पिकअप घेतली. सहा सिलिंडर पेट्रोल, पांढरा रंग उन्हाने पिठासारखा झालेला. हौद्यात पाण्याचे कॅन, तंबू आणि दिवाळीचा फराळ, कारण चार मराठी कुटुंबं मिळून वहिबाच्या वाळूत दिवाळीची रात्र काढायची ठरली होती.

वाळूत शंभर पावलंही गेलो नाही आणि रुतलो. मी जोर लावला, तशी चाकं आणखी खाली. एक म्हातारे बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीतले) आजोबा त्यांच्या पिकअपमधून उतरले, काही न बोलता खिशातून काडी काढली आणि आमच्या चारही चाकांची हवा सोडायला बसले. पस्तीसची पंधरावर आणली. टायर पसरट झाले, वाळूवर तळवा टेकावा तसे. मग मला खुणेने सांगितलं: पाय हलका. वरती आण्णांचं वाक्य वाचलं आणि तेच आजोबा डोळ्यांसमोर आले.

त्यांना आम्ही चिवडा आणि शंकरपाळे दिले. शंकरपाळे त्यांनी नातवंडांसाठी रुमालात बांधून घेतले.

कोल्हापूरहून

माझी जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसान पॅट्रोल या गाडीवरून बांधलेली, मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून १९९९ साली एका गॅरेजमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि मूळ इंजिन त्यांच्याकडेच ठेवलं. सहा महिन्यांनी मागायला गेलो तर ते भंगारात गेलेलं. मी तेव्हा पैशांचा विचार केला, त्याचं आजही वाईट वाटतं. गाडी मात्र आहे. दर वर्षी लावणीला उसाचं बेणं अजून तिच्याच मागे जातं, आणि ओल्या सरीतून ती सरळ बाहेर येते.

सातारा जिल्ह्यातून, निवृत्त

मी मालक नाही, पण हौद्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. सैन्यात ड्रायव्हर होतो, निसान वन टन चालवली. अरुणाचलमध्ये वरच्या चौकीला जायचा रस्ता बर्फ वितळून चिखल झालेला. तेरा किलोमीटरला पाच तास लागले, सगळे लो वर. हौद्यात केरोसीनचे कॅन, बटाटे आणि डाकेचं एक पोतं होतं. ताडपत्री फाटकी होती म्हणून मी माझा रेनकोट काढून पोत्यावर टाकला आणि बांधला. वर पोचल्यावर डाक वाटली, तेव्हा कळलं की त्यात घरून आलेलं माझंही एक पत्र होतं. कोरडं होतं.