दाखला देऊन काय होणार?

'धमकी देणाऱ्या पोराचा दाखला हातात द्या, विषय संपला' असं शाळेतल्या धमक्यांबद्दल एकानं लिहिलंय. राग समजतो, पण आठवीपर्यंत ते करताच येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आडवं येतं. आणि काढलं तरी पोर गावातच राहणार ना!

आमच्याकडची, जत तालुक्यातली गोष्ट सांगतो. भाच्याच्या वर्गातल्या एकानं सातवीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'उद्या कोयता घेऊन येतो'. बहिणीनं स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर फिरवला नाही (फिरवला असता तर रात्रीतच गाव गोळा झालं असतं), थेट वर्गशिक्षिकेला दाखवला. बाई त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरात आजी एकटी. जुना कोयता वळचणीला खोचलेला होता, तो आजीनं लगेच शेजारी नेऊन ठेवला. मग म्हणाली, "बाई, वर्गातली पोरं ह्याला 'कोयत्या' म्हणून हाक मारत्यात, ते कुणी बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिडवणाऱ्यांच्या पालकांनाही बोलावलं. त्यात माझी बहीणही होती.