ब्युनोस आयर्स: हाती एकच रविवार

प्रश्न: सान तेल्मोचा बाजार, रेकोलेता दफनभूमी आणि रात्री टँगो, एका रविवारी जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर 1: जमेल. आधी 'सुबे' कार्ड घेऊन पैसे भरून ठेवा. बस आणि मेट्रो दोन्हीला चालतं. सकाळी 10 ला प्लासा दे मायो या मुख्य चौकाकडून देफेन्सा रस्त्यानं चालत निघा, सान तेल्मोचा बाजार याच रस्त्यावर भरतो. दुपारी तिथं मुंगीलाही वाट नसते. रस्ता दगडी, पातळ तळव्याच्या चपला नकोत. फोन मागच्या खिशात तर अजिबात नको.

उत्तर 2: रेकोलेतात 'पेरॉन' नाव शोधत फिरू नका, तिथंच सगळे चुकतात. एविताची (राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची पत्नी एवा पेरॉन) कबर माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या काळ्या दगडी वास्तूत आहे. अरुंद बोळ आहे, दारावर फुलं खोचलेली दिसतील.

उत्तर 3: टँगोसाठी शोपेक्षा मिलोंगा, म्हणजे लोक स्वतः टँगो नाचायला जमतात ती बैठक, बघाच. नाचायचं आमंत्रण नजरेनं आणि मानेच्या हलक्या होकारानं देतात, थेट हात पुढे करत नाहीत. सलग तीन-चार गाण्यांची एक 'तांदा' असते, ती मध्येच सोडणं अपमानाचं मानतात. बघ्यांनी नाचाच्या फरशीवरून आडवं जाऊ नये.

जेवणात जपा: मक्याचं सारण भरलेल्या एम्पनादाच्या (करंजीसारखा पदार्थ) पारीतही बऱ्याचदा गाईची चरबी असते, विचारूनच घ्या. त्यापेक्षा कांदा-चीजची फुगासेता (पिझ्झाचा प्रकार) बरी.