एलईडी टीव्ही: आवाज येतो, पण पडदा काळा

प्रश्न
३२ इंची टीव्ही आहे, सहा वर्षं वापरात. चालू केला की लोगो दोन सेकंद दिसतो आणि पडदा काळा होतो. आवाज येतो, रिमोटने चॅनेलही बदलतात. मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. पॅनल गेलं का?

उत्तर १
पॅनल (चित्र उमटवणारा काचेचा पडदा) बहुतेक ठीक आहे, बॅकलाइट, म्हणजे त्याच्या मागचे एलईडी दिवे, गेलाय. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून तिरका मारा. पुसट चित्र दिसलं तर पॅनल आणि टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारं सर्किट) दोन्ही ठणठणीत. काहीच दिसलं नाही तर टी-कॉनचे १२ व्होल्ट आणि त्यावरचा फ्यूज आधी बघा.

मागचं झाकण काढल्यावर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता २.२ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा.

प्रश्नकर्ता
टॉर्चमध्ये चित्र दिसलं. बॅकलाइटच्या कनेक्टरवर व्होल्टेज ९० पर्यंत चढून लगेच उतरतं. पॅनलवरच्या लेबलच्या नंबरावरून शोधलं, आत ३ पट्ट्या, प्रत्येकी ७ एलईडी, ३ व्होल्टचे.

उत्तर २
मग निदान झालंच. २१ एलईडी एका साखळीत, म्हणजे ६३ व्होल्टच्या आसपास हवेत. एक एलईडी ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, की करंट थांबतो, ड्रायव्हर (एलईडींना वीज देणारं सर्किट) व्होल्टेज वाढवून बघतो आणि प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे बचावासाठी बंद होतो. ड्रायव्हर चांगला आहे. एकच एलईडी बदलू नका, रंग वेगळा दिसतो आणि शेजारचे पाठोपाठ जातात. तिन्ही पट्ट्या घ्या, पण पट्टीवरचा नंबर, लांबी मिलिमीटरमध्ये आणि व्होल्टेज जुळवूनच. ६ व्होल्टच्या एलईडींची पट्टीही हुबेहूब तशीच दिसते, तिथेच लोक फसतात.

खरी जोखीम पॅनल उचलताना. कडेच्या पातळ रिबनला जरा ताण आला की उभ्या रेघा, आणि त्यावर घरी इलाज नाही. दोघांनी उचला. आतल्या शीट्सचा क्रम आणि बाजू फोटो काढून ठेवा, बोटांचे ठसे उमटू देऊ नका. एलईडीवरची सुटलेली लेन्स फेविक्विकने चिकटवली तर धुरकट होते. तिच्या तीन पायांना एपॉक्सीचा ठिपका पुरे.

उत्तर १
एक भर: ड्रायव्हरजवळ समांतर जोडलेले सेन्स रेझिस्टर असतात, एलईडींचा करंट त्यांवरून ठरतो. चार सारखे असतील तर एक काढला की करंट पाव हिश्शाने कमी होतो. उजेडात फार फरक जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच घटते. सोल्डरिंग टाळायचं असेल तर मेनूत बॅकलाइट ६० वर आणा. ब्राइटनेस कमी करून उपयोग नाही, ती सेटिंग वेगळी.