मंदिर, मशीद, चर्च, विहार मिळून नळजोडणी मागतोय. मदत हवी आहे

मुंबईतली वस्ती, बहुतेक घरं २००० नंतरची. चारही ठिकाणच्या लोकांनी मिळून समिती केली आणि सामायिक नळासाठी दोनदा अर्ज दिला. २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या, असं सांगणारा उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल आणि पालिकेचं २०२२ चं 'सर्वांसाठी पाणी' धोरण जोडलं. पोच आहे, जोडणी नाही. खिडकीवरचे साहेब म्हणतात, "चार लेटरहेड कशाला? नोंदणीकृत एक संस्था आणा."

सोसायटी केली की धर्मादाय आयुक्त, दरवर्षी ऑडिट. मौलाना आणि फादर दोघांनाही वरून परवानगी काढावी लागेल. (विहारातल्या ताई मात्र एका पायावर तयार!) नगरसेवकाचं पत्र नकोय, मग बोर्ड त्यांचा लागतो. आधारकार्ड, वीजबिलं सगळ्यांची आहेत.

लेटरहेड बाजूला ठेवून नुसत्या कुटुंबांच्या सह्यांवर, एकाला सचिव करून, कुणाला अशी जोडणी मिळाली आहे का? हमीपत्रात काय लिहिलं होतं?