रॅली हे आडनाव ग्रीक म्हणायचं की नॉर्मन?

कापूसकोंड्या

कपाशी पेरणाऱ्या माणसाला 'रॅलीज' हे नाव सांगावं लागत नाही. कृषी सेवा केंद्रातल्या फळीवर ते असतंच. कंपनी आज टाटांच्या घरातली आहे, पण नाव खिओस बेटावरच्या एका ग्रीक व्यापारी घराण्याचं आहे. ग्रीसमध्ये राल्लिस, बाहेर रॅली.

आडनावांची मुळं सांगणारी संकेतस्थळं या नावाबद्दल एका ओळीत निकाल लावतात: राउल नावाचा नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सकडचा, सरदार अकराव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलला (आजचं इस्तंबूल) बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, दरबारी आला, त्याचे हे वंशज. संपलं. माझा आक्षेप या 'संपलं'ला आहे. असला कुणी राउल होऊन गेला असेलही. पण हे नाव लंडन, मँचेस्टर, ओडेसा, कलकत्ता आणि मुंबईत कसं पोचलं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ते उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. या घरातले पाच भाऊ. थोरला झान्निस याने १८१८ मध्ये लंडनला पेढी काढली. चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, ग्रीक उठावाचा वचपा काढायला आलेल्या उस्मानी (तुर्की) फौजेने खिओस बेचिराख केलं. हजारो मेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाचं या कत्तलीवरचं १८२४ चं मोठं चित्र लूव्रमध्ये आहे. जे निसटले, त्यांतले व्यापारी ज्या बंदरात आपला माणूस होता तिथे गेले. पांडिया लंडनला, ऑगस्टस मार्सेला, थॉमस कॉन्स्टॅन्टिनोपलला, युस्ट्राटिओस मँचेस्टरला, आणि खुद्द झान्निस ओडेसाला. मग इराणात ताब्रीझ, १८५१ ला कलकत्ता, १८६१ ला मुंबई. मुंबईचं साल बघा. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. हे आडनाव ग्रीक आहे आणि त्याचं आजचं रूप व्यापाराने घडवलं. नॉर्मन पूर्वज ही श्रीमंत झाल्यावर मिरवायची गोष्ट. कुणाला पटत नसेल तर मांडा.

दस्तऐवज

पटत नाही. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका पोत्यात भरलेत. नाव कुठून आलं हा एक, आणि खिओसचे व्यापारी त्या जुन्या सरदारांचे रक्ताचे वारस आहेत का हा दुसरा. दुसऱ्यावर शंका घ्या, मीही घेतो. पण पहिल्याला 'मिरवायची गोष्ट' म्हणणं अन्याय आहे.

राउल घराणं काल्पनिक नाही. तेराव्या शतकात ते बायझंटाइन दरबारातल्या वजनदार घराण्यांपैकी एक होतं. सम्राट आठवा मिखाइल पालेओलोगोस याची भाची थिओडोरा राउलेना हिचं हे सासरचं नाव. बाई विदुषी होती, स्वतः हस्तलिखितं उतरवायची. पंधराव्या शतकात दक्षिण ग्रीसमधल्या मिस्त्रासला तत्त्वज्ञ प्लेथॉनच्या शिष्यवर्गात दिमित्रिओस राउल काबाकेस सापडतो, तोही पोथ्या उतरवणारा. 'राउल' आणि 'राल्लिस' ही दोन्ही रूपं त्या काळात शेजारी शेजारी दिसतात. म्हणजे नावाचा माग लागतो, आणि तो पश्चिमेकडे जातो, कारण राउल हे ग्रीक नावच नव्हे. हे पुरावे पेढ्या निघण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. लंडनच्या कुठल्या शेठने ते पैसे देऊन लिहून घेतलेले नाहीत.

कापूसकोंड्या

@दस्तऐवज, उदाहरण उत्तम दिलंत, पण ते माझ्या पारड्यात पडतं. राउलेना! मूळ नाव पश्चिमेकडचं असेल, पण बाईच्या नावाला शेपूट ग्रीक लागलंय. तेराव्या शतकातच ते नाव ग्रीक नियमाने चालत होतं. ज्या नावाला सातशे वर्षं ग्रीक व्याकरण लागू आहे, ते नॉर्मन म्हणायचं कशाच्या जोरावर? आणि खिओसचं काय? १३४६ ते १५६६ तिथे इटलीतल्या जिनोआवाल्यांचा अंमल होता. अर्जेंटी, रोडोकनाकी, स्किलित्सी, पेट्रोकोकिनो ही त्या बेटावरच्या बड्या घरांची नावं नुसती कानाने ऐका. इटालियन, ग्रीक सगळं एकात एक. या बेटावर 'शुद्ध मूळ' शोधायला जाणाऱ्याने आधी बेट बदलावं.

शंकेखोर

तुम्ही दोघंही मुळाशी झटताय. माझी शंका पसाऱ्याबद्दल आहे.

आडनावाचा नकाशा म्हणजे माणसांचा नकाशा नसतो. पहिली गोष्ट, खिओसची ही घरं आपसातच सोयरिकी करायची. रॅलींची मुलगी स्किलित्सींकडे, अर्जेंटींची रॅलींकडे. नावाची यादी काढली की मुलींच्या शाखा गळतात. पेढ्यांच्या जाळ्याला बांधून ठेवणारा धागा बव्हंशी या लग्नांचा होता, आणि तोच नकाशावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट. ग्रीसच्या राजकारणात एकाच घरातले तीन राल्लिस पंतप्रधान झाले. दिमित्रिओस पहिल्यांदा १८९७ ला. त्याचा मुलगा इओआन्निस १९४३-४४ मध्ये, जर्मन ताब्यातल्या अथेन्समध्ये, त्यामुळे युद्धानंतर तुरुंगात गेला आणि तिथेच वारला. नातू गिओर्गिओस १९८०-८१ मध्ये, त्याच्याच कारकिर्दीत ग्रीस युरोपीय समुदायात गेला. हे फानारचं, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ग्रीक प्रतिष्ठितांचं घर. मुंबईच्या पेढीशी यांचा काय संबंध? नाव सारखं, एवढाच संबंध गृहीत धरून तुम्ही नकाशावर एकाच रंगाचे ठिपके देता. पेढीने नेलेली 'रॅली' आणि ग्रीसमध्येच वाढलेले 'राल्लिस' हे वेगळे हिशेब आहेत.

यारा नदीकाठची

मेलबर्नहून लिहितेय, म्हणून जरा वेगळ्या बाजूने.

कापूसकोंड्या, तुमचा धागा छान आहे, पण त्यात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. रॅली हे नाव परदेशात जवळजवळ आहे तसं कसं टिकलं? कारण ते श्रीमंतांचं होतं. पांडेली रॅली ब्रिटिश संसदेत निवडून गेला. ल्यूकस रॅलीला १९१२ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत किताबाचा मानकरी, केलं. लंडनच्या नॉरवुड दफनभूमीत ग्रीकांचा स्वतंत्र भाग आहे, त्यात रॅलींनी बांधलेलं देवळासारखं चॅपल आहे. असल्या माणसाला कोण म्हणणार, तुझं नाव आमच्या तोंडात बसत नाही, बदल?

आता दुसरं टोक बघा. गार्गालिआनी नावाच्या गावातून १८९७ मध्ये अमेरिकेला गेलेला अनाग्नोस्तोपूलोस तिथे ॲग्न्यू झाला. त्याचा मुलगा स्पायरो ॲग्न्यू अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष. क्रीटमध्ये जन्मलेला यान्निस अनास्तासाकिस तिकडे जॉन ॲनिस्टन झाला, त्याची लेक अभिनेत्री जेनिफर सगळ्यांना माहीत आहे. पापादोपूलोसचे पप्पास तर किती झाले असतील.

इथे मेलबर्नच्या ओकली उपनगरात ग्रीक दुकानांच्या पाट्यांवर मात्र लांबलचक नावं बिनधास्त आहेत. ही मंडळी मुख्यतः १९५० आणि १९६० च्या दशकांत, सरकारी करारानंतर आली, आणि गठ्ठ्याने आली. चर्च, शनिवारची शाळा, फुटबॉल क्लब सगळं सोबत. फुटबॉल प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू याच शहरात वाढला. नाव टिकतं ते पैशाने किंवा संख्येने. नॉर्मन सरदाराने नाही आणि ग्रीक व्याकरणानेही नाही.

जहाजी

न्यूयॉर्कला स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या एलिस बेटावरच्या कारकुनांनीच तर नावं छाटली! आपल्याकडेही शाळेतल्या मास्तरांनी आडनावं बदलली तसंच.

शंकेखोर

@जहाजी, ही कथा लोकप्रिय आहे आणि चुकीची आहे. तिथले अधिकारी नवं नाव लिहीतच नसत, जहाजाच्या यादीवरून हाका मारत आणि खुणा करत. यादी बंदर सोडण्याआधीच तयार झालेली असायची. नावं बदलली ती नंतर, लोकांनी स्वतः. कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर, पोराच्या शाळेत. ॲग्न्यूच्या बापाने स्वतःच छाटलं.

यारा नदीकाठची

'स्वतः' म्हणजे खुशीने नव्हे हो. भाड्याने खोली मिळत नसेल तर माणूस नाव 'स्वतःच' बदलतो.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, लंडन झालं, ओडेसा झालं, मेलबर्न झालं. पण हे नाव आमच्या बोंडावर कसं आलं ते कोणी बोलेना!

रॅली न् फोल्कार्ट या दोन पेढ्यांचे माणसं वऱ्हाडात फिरून कापूस घेत. आडत्या मधात, सावकार मधात, न् त्याच्याखाली आमचा आजा-पणजा. मँचेस्टरचा भाव तारेनं यायचा तो पेढीले कळे, शेतकऱ्याले नाही. १८६५ ले अमेरिकेतली लढाई थांबली न् भाव धाडकन पडला. मुंबईत शेअरवाले बुडाले म्हणून पुस्तकात येते. आमच्याइकडे कर्ज काढून कपाशी लावलेल्याचं काय झालं, ते त्या रॅलीच्या चॅपलवर कोरलं हाय का? खिओसमधून परागंदा झाले, वाईट झालं, मान्य. पण परागंदा माणूस दुसऱ्याच्या गावात येऊन शेठ झाला की त्याचा हिशेब शेठसारखाच करावा लागते. तुमचे नकाशे 'नाव कुठं गेलं' एवढंच सांगतात. नावाखाली कोणाचा माल गेला ते बी सांगा ना.

कापूसकोंड्या

@वऱ्हाडी ठेचा, हे मी टाळलं नाही, खरं तर माझा मुद्दा हाच आहे. नाव फिरलं ते मालाच्या मागे. १८६५ मध्ये पांडिया वारल्यावर कारभार पुतण्या स्टीफनकडे गेला, त्याने रशिया आणि इराणमधून अंग काढून घेतलं आणि भर हिंदुस्थानावर दिला. म्हणून ताब्रीझमध्ये रॅली कुणाला आठवत नाही आणि यवतमाळात आठवतात. त्यात कुठल्याही वंशाचा हात नाही, ताळेबंदाचा आहे.

@यारा नदीकाठची, पैशाचा मुद्दा घेतो, पण अर्धाच. रॅलींनीही नाव छाटलंच की. ग्रीसमध्ये पुरुषाचं नाव राल्लिस, बाईचं राल्ली. लंडनच्या शेठजींनी शेवटचा 'स' टाकला, म्हणजे ग्रीक कानाला घरातले सगळे बाप्ये बायकांच्या नावाने वावरत होते. नंतर कंपनीच्या नावात 'स' परत आला, तो माझ्या अंदाजाने इंग्रजी 'रॅली मंडळीं'चा. व्याकरण चुकीचं, रूप बरोबर!

दस्तऐवज

गंमत म्हणून ठीक. पण 'छाटलं' नका म्हणू. त्या काळच्या युरोपातल्या व्यापारी पत्रव्यवहारात ग्रीक नावं इटालियन वळणाने लिहायची सर्रास पद्धत होती. बेनाकिस अलेक्झांड्रियात बेनाकी, रोमन लिपीत इटालियन धाटणीने. कापसाचेच व्यापारी तेही, त्यांच्या पैशातून अथेन्सचं बेनाकी संग्रहालय १९३० मध्ये उभं राहिलं. तेव्हा 'स' गेला तो धंद्याच्या लेखनरूढीने. अनाग्नोस्तोपूलोसचं ॲग्न्यू होणं आणि राल्लिसचं रॅली होणं एका मापाने मोजू नका.

शिवाय मूळ मुद्द्याला तुम्ही बगल दिलीत. पैसा, संख्या, माल यांनी नाव *पसरतं*. ते *कुठून आलं* याचं उत्तर तरीही राउलच.

यारा नदीकाठची

दस्तऐवज, मग बास्केटबॉलवाल्या यान्निस आंतेतोकूनबोचं काय करता? आईबाप नायजेरियाचे, नाव योरुबा, आदेतोकूनबो. तो अथेन्समध्ये जन्मला. २०१३ मध्ये ग्रीक नागरिकत्व मिळालं तेव्हा नाव आधी ग्रीक लिपीत बसवलं आणि तिथून पुन्हा रोमन लिपीत आणलं. आता अमेरिकेत त्याच्या जर्सीवर जे रूप आहे ते ना नायजेरियात सापडेल, ना ग्रीसमध्ये दुसऱ्या कुठल्या जुन्या घरात. तुमच्या नियमाने ते निव्वळ योरुबा, कापूसकोंड्यांच्या नियमाने ग्रीक. मला दोन्ही नियम अपुरे वाटतात.

दस्तऐवज

माझ्या नियमाने योरुबा. अजिबात संकोच नाही. उलट त्या ग्रीक लेखनामागे योरुबा नाव आहे हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर सातशे वर्षांनी असाच एखादा धागा निघेल आणि कुणीतरी म्हणेल, योरुबा मूळ ही मिरवायची गोष्ट.

कापूसकोंड्या

हे मात्र लागलं! पण फरक सांगतो. आंतेतोकूनबोंच्या घरात बाप योरुबा होता, नाव ठेवण्याची रीत आहे, नायजेरियात नातेवाईक आहेत. तिथे मूळ जिवंत आहे. रॅलींच्या घरात अकराव्या शतकातल्या नॉर्मनांचं काय उरलं होतं? भाषा ग्रीक, धर्म ऑर्थोडॉक्स, सोयरिक खिओसची. लंडनला बेझवॉटरमध्ये १८७९ ला सेंट सोफिया चर्च उभारलं ते याच व्यापारी मंडळींनी.

वऱ्हाडी ठेचा

न् पैसा कुठला?

शंकेखोर

@वऱ्हाडी ठेचा, सगळा कापसाचा नव्हे. धान्य, ताग, कापड, बरंच काही होतं. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. रॅलींच्या मुंबई शाखेच्या खरेदीच्या वह्यांवर कुणी मराठीत काम केलं असेल तर इथे टाका. आडनावांच्या याद्यांपेक्षा त्यात जास्त सापडेल, गावांची नावं तरी नक्की.